खालून वाचायच्या तारा

गोव्याच्या सासष्टीतलं एखादं जुनं घर विकायला निघालं की माझ्याकडे पाकीट येतं. वाटण्या झालेल्या असतात, माळा रिकामा होत असतो, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या सोल्फाच्या, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या, वह्या, ट्रंपेटची एक सुटी चावी आणि खाकी पाकिटात वेटोळं करून ठेवलेल्या चार जाड तारा सापडतात. फोंड्याला एक जण बेस गिटारचं सेटिंग करतो, एवढंच कुणीतरी सांगितलेलं असतं. मग नातू नाहीतर पुतण्या पाकीट घेऊन येतो, टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "व्हिंटेज मू?"

मी हो म्हणतो. पन्नास वर्षांची तार व्हिंटेज नाही तर काय असणार! पण त्याच्या प्रश्नामागे परदेशातल्या कुठल्यातरी जाहिरातीत पाहिलेला एक आकडा असतो, आणि तो आकडा काही मला त्याच्या हातावर ठेवता येत नाही. मला सांगता येतं ते एवढंच: तार कसली आहे, किती जाड आहे, केवढ्या गिटारवर चढली होती, अजून वाजेल का. आणि नशीब असलं तर ती वाजवणाऱ्याचा हात कुठे कुठे फिरायचा. हे शेवटचं विचारायला कुणी येत नाही. मला मात्र तेच आधी बघायचं असतं.

ज्यांनी बेस गिटार कधी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी थोडं. बेसची जाड तार ही धातूची एकसंध तार नसते. आत पोलादाचा बारीक गाभा असतो, त्यावर गोल तारेचे एक-दोन वेढे-थर. सगळ्यांत वरचा थरही गोल तारेचा असेल तर ती राउंडवाउंड. नख फिरवलं की खरखर लागते. वरच्या थराला गोल तारेऐवजी चपटी पट्टी वापरली असेल, वेढे एकमेकांना खेटून बसवलेले, तर ती फ्लॅटवाउंड. हिच्यावर बोट विनातक्रार सरकतं. आजचे बहुतेक वादक राउंडवाउंड वापरतात, त्यामुळे तरुण पोरांना वाटतं की फ्लॅटवाउंड हा काहीतरी खास, जुन्या शौकिनांचा प्रकार आहे. खरं तर उलट होतं. अमेरिकेत गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, आणि त्यानंतरची जवळजवळ पंधरा वर्षं बेस गिटारवर सर्रास फ्लॅटवाउंडच असायच्या. १९६६च्या सुमारास इंग्लंडमधल्या रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने 'द हू' या बँडचा बेसवादक जॉन एंटविसल याला हव्या तशा राउंडवाउंड तारा घडवून दिल्या, पियानोच्या खालच्या पट्ट्यांइतक्या खणखणीत, आणि मग हळूहळू सगळं जग तिकडे वळलं. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही तबकडीवर बेस गिटार ऐकू येत असेल, तर ती बहुतेक फ्लॅटवाउंडच समजायची.

माझे बाबा जत्रेच्या नाटकांना पेटी वाजवायचे. तंबोऱ्याची जवारी काढण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या वाड्यावर कुणी नव्हता. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत ते अशा जागी आणायचे, की तार एकदम बोलायला लागायची. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायचा. मी पहिल्यांदा घरी बेस आणला आणि जुन्या फ्लॅटवाउंडवर एक स्वर छेडून दाखवला तेव्हा त्यांनी कान दिला, पुन्हा छेडायला सांगितला आणि म्हणाले, "ह्यात जवारी नाहीच रे."

"नकोच आहे, बाबा."

"मग ऐकू कुणाला येणार?"

"तबलजीला."

हे त्यांना पटलं. नंतर कधी त्यांनी त्या वाद्याची टिंगल केली नाही.

जवारी नसण्याचं कारण तारेवरच्या त्या चपट्या पट्टीत आहे. तार थरथरते तेव्हा खेटून बसलेले वेढे एकमेकांवर किंचित घासतात आणि मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे बारीक स्वरांश तिथल्या तिथे जिरतात. उरतो मूळ स्वर आणि त्याच्या लगतचे मोजके स्वरांश. बेसच्या सगळ्यांत जाड तारेचा, म्हणजे ईचा, मोकळा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. तो कानापेक्षा पोटातच जास्त कळतो. त्यात वर्षानुवर्षांचा घाम आणि बोटांचं तेल वेढ्यांच्या फटीत जाऊन बसलं की तार आणखी मुकी होते. स्वर येतो, जागा घेतो आणि पुढच्या स्वराआधी बाजूला होतो. नवी तार असं वागत नाही, ती रेंगाळते. म्हणून जुन्या फ्लॅटवाउंडला मागणी. मात्र प्रत्येक जुनी तार अशी वागते असं नाही, आणि व्हिंटेज म्हणून विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

आता पाकीट. पाकिटावर छापलेल्या नावाचा मी विचारच करत नाही. आपल्याकडे परदेशी तार हे प्रकरण १९९१च्या आधी काय होतं ते आठवा. बोटीवर कामाला असलेला भाऊ किंवा कुवेतचा मामा सुट्टीवर येताना आणणार, तेव्हा मिळणार. नवा संच चढवला की उतरवलेला जुना संच त्याच नव्या पाकिटात जायचा आणि पाकीट पेटीत. वेळ पडली तर असावी म्हणून. त्यामुळे पाकिटावरचं नाव हे त्या माणसाने पुढे काय चढवलं त्याचं असतं, आत काय आहे त्याचं नव्हे. पाकिटावर 'ला बेला' या अमेरिकन कंपनीची फ्लॅटवाउंड आणि आत काळ्या नायलॉनच्या पट्टीची तार, असा प्रकार माझ्या टेबलावर झालेला आहे. नायलॉनची पट्टीही चपटीच असते, तीही गुळगुळीतच लागते, पण ती वेगळी जात. तिचा आवाज उभ्या डबल बेसकडे झुकतो.

दुसरी लोकप्रिय खूण म्हणजे टोकाचं रेशीम. तारेच्या शेपटाला, कधी गिटारला अडकणाऱ्या बॉलच्या बाजूलाही, रंगीत धागा गुंडाळलेला असतो. रोटोसाउंडचा लाल धागा प्रसिद्ध आहे. या रंगांवरून ब्रँड आणि दशक सांगणारे तज्ज्ञ असतात, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण एकच रंग अनेकांनी वापरला, एकाच कंपनीने तो बदलला, आणि गोव्याच्या हवेत लाल धागा वीस पावसाळ्यांनी विटकरी होतो, हिरवा कसलाच राहत नाही. मी रंग बघतो, वहीत टिपतो आणि त्यावर काही बेतत नाही.

तिसरी युक्ती लोहचुंबकाची. हिचा मला खरोखर राग येतो. म्हणे चुंबक घट्ट चिकटला तर अमुक धातू, हलका चिकटला तर तमुक. अहो, आत पोलादाचा गाभा आहे, चुंबक चिकटणारच! वरची पट्टी निकेलची असो, स्टेनलेस स्टीलची असो की मोनेलची, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची. त्यापेक्षा उजेडात धरा. स्टेनलेस थंड, निळसर पांढरं दिसतं. निकेलला किंचित पिवळी झाक असते. मोनेल राखाडीकडे जातं. नवी तार शेजारी ठेवून बघितलं तर फरक कळतो. नुसतं बघून ठरवू नये.

खरं काम सोनाराच्या भिंगाचं. भिंगाखाली फ्लॅटवाउंडचे वेढे सरळ, एकसारखे, रेघ ओढल्यासारखे दिसतात. काही तारा मुळात राउंडवाउंड असतात आणि त्यांची पाठ कारखान्यात घासून सपाट केलेली असते. त्यांच्या वर चकचकीत सपाट भाग आणि मध्ये गोलसर खाचा दिसतात. हाताला दोन्ही जवळपास सारख्याच लागतात. ऐकायला सारख्या नाहीत. घासलेल्या तारेच्या खाचांत मळ लवकर भरतो आणि ती चारही तारांत सारखी म्हातारी होत नाही.

मग व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगायची रीत आहे. ०.०५२, ०.०७३, ०.०९५, ०.११० असा संच निघाला तर ला बेलाचा तो भारी संच मनात येतो, जो डेट्रॉइटचा बेसवादक जेम्स जेमरसन वाजवायचा. ईची तार जवळजवळ २.८ मिलिमीटर. ०.०४३ ते ०.१०० असेल आणि हातात घेतल्यावर तार लोळत असेल, तर व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डचा संशय घ्यायला हरकत नाही. संशयच. जाडी मोजताना तार जिथे कधी वाजली नाही तिथे मोजायची, म्हणजे नटच्या पलीकडे. नट ही मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, तिच्यावरून तार खुंट्यांकडे जाते. मधल्या भागात ती झिजलेली असते.

आणि इथे, तार उलटी केली की, मला ज्यात रस आहे तो भाग सुरू होतो.

मडगावचे एक अंकल तियात्राच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाच्या, बँडमध्ये बेस वाजवायचे. स्टेजच्या पुढ्यात, ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या शेजारी बसून, कांतारामागून कांतार, म्हणजे गाण्यामागून गाणं. वय झाल्यावर त्यांनी गिटारची मान सरळ करायला मला घरी बोलावलं. छोट्या मापाची बेस, आणि तिच्यावरच्या तारा इतक्या काळपट, की माझा हात आपोआप कटरकडे गेला. बाल्कांवातून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, अंकल ओरडले, "हात लाय नाका रे तिका!" मग उठून आले, माझा अंगठा धरला आणि ईच्या तारेखाली घालून नख वरून खाली फिरवायला लावलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि एकदम एक खोलगट. पुन्हा गुळगुळीत, पुन्हा एक. "हें एफ," ते म्हणाले. "हें जी. सगळीं कांतारां हातूंतच."

फ्रेट हा गिटारच्या मानेवरचा धातूचा आडवा तुकडा. तार त्यावर हजारो वेळा दाबली की तारेच्या पोटाला खड्डा पडतो. राउंडवाउंड तार फ्रेटलाच झिजवते. फ्लॅटवाउंड गुळगुळीत असल्याने फ्रेट टिकतो, आणि तार वर्षानुवर्षं बदलली नाही तर वादकाच्या सवयी तिच्या पोटावर साठत जातात. अंकलचे खड्डे पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेटवर होते: ईच्या तारेवर एफ आणि जी, एच्या तारेवर बी फ्लॅट आणि सी. फुंकून वाजवायच्या वाद्यांना सोयीच्या या पट्ट्या. ट्रंपेट असलेल्या बँडमध्ये बेसवाल्याला एफ आणि बी फ्लॅटमध्ये राहावं लागतं, त्याला आवडो न आवडो. गिटारवाल्यांच्या बँडमध्ये राहिलेल्या बेसचे खड्डे निराळ्या जागी असतात, तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर: जी आणि ए, सी आणि डी. गिटारवाले मोकळ्या तारांच्या पट्ट्या सोडायला तयार नसतात.

तेव्हापासून पाकिटातली तार आली की मी ती टेबलावर सरळ ताणून पोट वर करतो, शिसपेन्सिल आडवी घासतो आणि मोजपट्टी लावतो. ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या घोडीवर, जिथे तार वाकलेली असते ती शून्याची जागा. लांब मापाची बेस म्हणजे ब्रिजपासून नटपर्यंत ३४ इंच, ८६४ मिलिमीटर. तिच्यावर तिसरा फ्रेट ब्रिजपासून ७२६ मिलिमीटरवर येतो आणि पाचवा ६४७ वर. छोट्या मापाची, ३० इंचांची, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पॉल मॅकार्टनीची व्हायोलिनच्या आकाराची होफनर याच मापाची. तिच्यावर पहिला फ्रेट ७१९ वर आणि तिसरा ६४१ वर.

आकडे पुन्हा बघा. ७२६ आणि ६४७. ७१९ आणि ६४१. लांब बेसवर गिटारवाल्यांबरोबर वाजवणारा आणि छोट्या बेसवर ट्रंपेटबरोबर वाजवणारा, दोघांचे खड्डे जवळजवळ एकाच जागी पडतात. फरक सहा-सात मिलिमीटरचा. दोन फ्रेट गेले की तारेची लांबी साधारण ११ टक्क्यांनी घटते, आणि ३४ इंचांतून तेवढं वजा केलं की ३० इंचांच्या अगदी शेजारी येतो, म्हणून हे होतं. नुसते खड्डे बघून 'हा जीमध्ये वाजवायचा' असं सांगणारा माणूस सपशेल तोंडघशी पडू शकतो. नटपाशी पडलेला वाक आधी शोधायचा. तो ८६४ वर आहे की ७६२ वर, ते कळलं की मग खड्ड्यांकडे.

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात, जिथे एके काळी हिप्पी परतीच्या पैशांसाठी आपल्या गिटारी विकायचे, तिथे जुन्या सामानाच्या ढिगात एक संच मिळाला होता. त्याच्यावर नटचे वाक दोन होते. एक ८६४ वर, एक ७६२ वर. ब्रिजपाशी मात्र दोन्ही वेळा वाकण जवळपास एकाच जागी पडलेली. आणि पोटावर, पेन्सिल फिरवल्यावर, खड्ड्यांच्या जोड्या. एका ठिकाणी दोन खड्डे शेजारी-शेजारी, मध्ये करंगळीचं नखही मावणार नाही एवढी भिंत; थोडं पुढे पुन्हा तसेच दोन. तार आधी लांब बेसवर होती हे नक्की, कारण छोट्या बेसच्या खुंटीसाठी ती कापलेली होती आणि कापलेली तार परत लांब बेसवर पोचत नाही. म्हणजे पहिला माणूस गिटारवाल्यांचा. दुसरा एफ आणि बी फ्लॅटमधला. पहिला कुठून आला होता, ती तार त्याने विकली, दिली की हरवली, हे तारेवर लिहिलेलं नाही. दुसऱ्याने ती छोट्या बेसवर चढवली, कारण हाताशी तीच होती. हा दुसरा इथलाच कुणीतरी असणार, असं मला वाटतं. ट्रंपेट आणि बेस एकत्र बसण्याच्या जागा गोव्यात कमी नव्हत्या: लग्नं, फेस्त, तियात्र.

तो संच वाजवण्याच्या लायकीचा नव्हता, हे सांगून टाकतो. जिथे स्वर थरथरतो त्या भागात फ्रेटच्या जागी नसलेले परके खड्डे पडलेले असतील तर तार कामातून गेली. ती लांबीभर सारखी राहत नाही, स्वर हलतो. तरी मी तो ठेवून दिला आहे.

जेमरसनचं नाव वर आलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या तबकड्यांवरचा बेस बव्हंशी त्याचा. १९६२ची प्रिसिजन, ला बेलाच्या त्या जाड तारा, उजव्या हाताचं एकच बोट. ब्रिजवरच्या झाकणाखाली फेंडरने स्पंजची पट्टी दिलेली असायची, स्वर आणखी आखूड व्हावा म्हणून. त्याने ती काढली नाही. तार तुटेपर्यंत तो बदलायचा नाही. आता गंमत बघा, या माणसाचं नाव त्या तबकड्यांच्या वेष्टनावर नसायचं. मोटाउन वादकांची नावं छापत नसे. १९७१ मध्ये मार्विन गेच्या अल्बमवर ते पहिल्यांदा छापलं गेलं. १९८३ मध्ये तो वारला, त्याच्या थोडे दिवस आधी ती बेस चोरीला गेली, तारांसकट. ती अजून कुणाला सापडलेली नाही. माझ्या डोक्यात कधी कधी येतं, की ती सापडली तर तिच्यावरचा नंबर नंतर बघू, आधी ईची तार उलटी करू.

आपल्याकडे हे नवं नाही. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात गोव्याच्या वादकांनी खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा भरल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवायचे आणि वाद्यवृंदाची रचना करायचे. बहुतेक लोकांना त्यांचं नाव माहीत झालं ते शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ते एका गाण्यात घातल्यामुळे, आणि तरीही ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे अनेकांना आजही ठाऊक नाही. बेस गिटारवाल्याच्या वाट्याला तर एवढंही आलं नाही. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ सोडले तर किती नावं पटकन सांगता येतील? गाणं लागलं की खालची ओळ सगळ्यांना येते. गुणगुणून दाखवतात.

पाकिटातल्या तारा वाजवायच्याच असतील तर काय करावं, हा प्रश्न नातू नाही विचारत; बेस शिकणारी पोरं विचारतात. पहिली गोष्ट म्हणजे गंज. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि टोकाचं रेशीम पाणी धरून ठेवतं. वरची स्टेनलेसची पट्टी चकाकत असते आणि आतला पोलादी गाभा रेशमापाशी कुजलेला असतो. तिथे तार हलकेच वाकवायची. तपकिरी भुकटी पडली तर पुढे काही करू नका. तारा उकळून स्वच्छ करतात असं कुणी सांगेल. राउंडवाउंडवाले ते हौसेने करतातही. फ्लॅटवाउंडच्या आत शिरलेलं पाणी बाहेर कसं काढणार? शिवाय जो मळ हवा म्हणून जुनी तार घेतली तोच धुऊन टाकायचा. कोरडं सुती फडकं, बस्स.

गंज नसेल तर चढवा, पण घाई नको. जुन्या तारांचा गाभा अनेकदा गोल असतो, त्यामुळे टोक कापायचं असेल तर आधी काटकोनात कडक वाकवायचं आणि वाकाच्या पुढे कापायचं. नाहीतर वेढे गाभ्यावर सैल पडतात आणि तार कायमची मरते. खुंटीवर गुंडाळताना तार पिळली जाऊ द्यायची नाही. गिटारच्या पाठीमागून तार ओवायची सोय असली तरी ती वापरायची नाही, तिथला वाक फ्लॅटवाउंडला सोसत नाही. ०.११०ची तार नटच्या खाचेत बसत नाही म्हणून लगेच कानस घेऊन बसू नये. तार आधी खरी ठरू दे. जाड संच मान पुढे ओढतो, तेव्हा ट्रस रॉडला, म्हणजे मानेच्या आतल्या सळईला, पाव फेरा द्यायचा आणि रात्रभर सोडायचं. सकाळी बघायचं.

तार खरी की खोटी हे शेवटी दोन गोष्टींवर ठरतं. छेडून आडवी बघा. चांगली तार थरथरताना दोन स्वच्छ कडा दाखवते. खोटी तार मध्ये तिसरी भुताटकी रेघ काढते. मग बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तोच फ्रेट दाबून निघणारा स्वर, दोन्ही एकापाठोपाठ ऐका. ब्रिजचा स्क्रू फिरवूनही ते जुळत नसतील तर तार लांबीभर सारखी राहिलेली नाही, तिच्या पोटावरचे खड्डे तुमच्या फ्रेटच्या जागी नाहीत, किंवा दोन्ही. अशा तारेवर तुमचा कान शिव्या खातो आणि दोष बोटांना जातो.

एक गोष्ट पोरांना पटत नाही. फ्लॅटवाउंड म्हणजे जुनी गाणी, मऊ गाणी, असा त्यांचा पक्का समज आहे. मी त्यांना आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या स्टीव्ह हॅरिसचं नाव सांगतो. रोटोसाउंडच्या मोनेलच्या फ्लॅटवाउंड, त्याही करकरीत नव्या, आणि त्यावर घोडदौड. जेमरसन तुटेपर्यंत बदलत नाही, हॅरिसला जुनी झालेली चालत नाही. मी स्वतः जेमरसनच्या बाजूचा. नव्या फ्लॅटवाउंडचा पहिल्या दोन महिन्यांचा आवाज मला सहन होत नाही, म्हणून मी त्या रियाजाच्या गिटारवर चढवतो, आणि सूर बसला की तिथून स्टेजच्या गिटारवर नेतो. दोन्ही गिटारी ३४ इंची आहेत, एकाच घडणीच्या ब्रिजच्या, म्हणून हे जमतं.

सध्या स्टेजच्या गिटारवर तीन जुन्या तारा आहेत आणि ए नवी. जुनी ए खोटी निघाली. नवी तार तिघींत उठून दिसते. मी तिच्यावर ब्रिजपाशी स्पंजचा तुकडा अडकवला आहे आणि सी वाजवायचा असेल तर शक्यतो ईच्या तारेवर आठव्या फ्रेटवर वाजवतो. आमच्या कीबोर्डवाल्याला यातलं काही कळत नाही. त्याची तक्रार एकच, की बेस ऐकू येत नाही, म्हणून तो डाव्या हाताने खालचे स्वर भरत बसतो आणि सगळा चिखल होतो. शनिवारी म्हापशाला रिसेप्शन आहे. साउंडवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं आहे की कीबोर्डचा खालचा भाग कापून टाक, आणि कीबोर्डवाल्याने विचारलं तर हॉलचा दोष आहे म्हणून सांग.